एका निदानाचा इतिहास

राज्यांचे, लढायांचे आणि तहांचे इतिहास आपण आवडीने वाचतो. ज्या दुःखाने घरोघरीच्या स्त्रिया मूकपणे झिजल्या, त्याचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. मूल न होणे हे असे एक दुःख होय. त्याच्या अनेक कारणांपैकी एकाचे नाव आज इतके सर्वतोमुखी झाले आहे की, महाराष्ट्रापासून दूर, दिल्ली-कलकत्त्याच्या मराठी मंडळांतील हळदीकुंकवालाही ते कुजबुजत्या स्वरात ऐकू येते. पीसीओएस, किंवा आपल्याकडे अधिक रूढ असलेले पीसीओडी, हे ते नाव. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जननक्षम वयाच्या शंभर स्त्रियांपैकी तेरापर्यंत जणींना हा विकार असतो आणि त्यांतील बहुतेकींना त्याचा पत्ताही नसतो. दुखणे इतके सार्वत्रिक असून त्याची ओळख पटण्यास इतका विलंब का लागावा, हे पाहणे उद्बोधक आहे.

या विकाराचे पहिले वर्णन म्हणून ज्याचा सहसा निर्देश केला जातो, ते इटलीतील पादुआ विद्यापीठाचे प्राध्यापक अंतोनिओ वालिस्नेरी यांनी इ. स. १७२१ मध्ये केले. विषय होता एका तरुण शेतकरी स्त्रीचा. ती विवाहित होती, अंगाने थोडी स्थूल होती आणि तिला मूल नव्हते. तिचे बीजकोश नेहमीपेक्षा मोठे, पांढुरके, चकचकीत व उंचसखल असून पारव्याच्या अंड्यांसारखे दिसत होते, असे त्यांनी नमूद केले. त्या स्त्रीचे नाव इतिहासाने राखले नाही. तिच्या हयातीत गावाने तिला काय म्हटले असेल, याची कल्पना करण्यास मात्र आपल्याला पादुआपर्यंत जावे लागत नाही.

आपल्या मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वंध्या स्त्री असेल तर आठव्या वर्षी दुसरी करावी, अशी मुभा पतीला दिलेली आहे. पुरुषाची तपासणी तेथे अभिप्रेत नाही; कारण शोधण्याची खटपट नाही; नुसता कालावधी मोजलेला आहे. ही मुभा कायद्याने काढून घेतली जाण्यास विसावे शतक उजाडावे लागले. मुंबई प्रांतात १९४६ साली द्विभार्याप्रतिबंधक कायदा झाला आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तो निर्बंध देशभर लागू केला. आपण सरकारी नोकर तर १९६४ च्या वर्तणूक नियमांतील एकविसाव्या नियमानेही बांधलेले आहोत. कायद्याने सवत थांबवली, परंतु ‘वांझ’ हा शब्द थांबवणे कोणत्याही कायद्याला साधले नाही. तो शब्द खोटा ठरवण्याचे काम वैद्यकाने केले, आणि तेही चुकतमाकत.

१९३५ साली अमेरिकेतील शिकागो येथील अर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. या सातही जणींची पाळी बंद वा अत्यंत अनियमित होती. ध्वनिलहरींनी पोटातील चित्र पाहण्याची सोय तेव्हा नव्हती. म्हणून स्टाइन पोटात वायू भरून क्ष-किरणांचे चित्र घेत आणि बीजकोशांचे आकारमान अजमावीत. तपासणीसाठी बीजकोशाचा तुकडा काढलेल्या काही स्त्रियांची पाळी आपोआप सुरू झाली, असे या दोघांच्या ध्यानात आले. त्यावरून त्यांनी प्रत्येक बीजकोशाचा बराचसा भाग पाचरीसारखा कापून काढण्याची शस्त्रक्रिया केली. सातही जणींची पाळी परतली आणि दोघींना गर्भ राहिला.

बीजकोशाचे आवरण जाड झाल्यामुळे बीज बाहेर पडत नसावे, असे त्यांचे अनुमान होते. ते टिकले नाही. शस्त्रक्रियेनंतर आतील अवयव एकमेकांना चिकटून नवीच अडचण उभी राहते, हेही पुढे दिसून आले. तरीसुद्धा या सात स्त्रियांचे महत्त्व कमी होत नाही. ज्यांना जन्माच्या वांझ म्हटले असते, त्यांच्यात बीज होते, एवढे त्यांनी सिद्ध केले.

आजच्या ज्ञानाप्रमाणे घडते ते असे. दर महिन्याला बीजकोशात अनेक बीजपुटिका वाढू लागतात. त्यांतील एक पक्व होऊन फुटते आणि बीज बाहेर पडते. या विकारात पुरुषी गुणाची संप्रेरके प्रमाणाबाहेर तयार होतात, पुटिकांची वाढ अर्ध्यावर थांबते आणि त्या मण्यांच्या माळेसारख्या कडेला साचतात. त्यांनाच ‘सिस्ट’ म्हणजे गाठी समजून नाव पडले. वस्तुतः त्या गाठी नव्हेतच. त्या थांबलेल्या पुटिका आहेत. म्हणूनच हे नाव बदलावे, अशी शिफारस अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने २०१२ मध्ये केली.

दुसरा धागा मधुमेहाचा. १९२१ मध्ये आशार व तिएर या फ्रेंच डॉक्टरांनी दाढी असलेल्या स्त्रियांच्या मधुमेहाचे वर्णन केले. त्याचा बीजकोशांशी सांधा जुळण्यास मात्र १९८० उजाडले. रक्तातील वाढलेले इन्सुलिन आणि ही संप्रेरके यांचा परस्परसंबंध तेव्हा दाखवला गेला. २००३ मध्ये रॉटरडॅम येथील परिषदेने निदानाची कसोटी ठरवली: अनियमित बीजोत्सर्ग, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि बीजकोशांचे विशिष्ट रूप, या तीनपैकी दोन गोष्टी हव्यात आणि तशीच लक्षणे देणारे अन्य विकार नसावेत.

उपचारांची कथाही अशीच वळणावळणाची आहे. क्लोमिफिन हे औषध १९५६ साली अमेरिकेत तयार झाले. त्याने बीजोत्सर्ग घडवता येतो, हे १९६१ मध्ये रॉबर्ट ग्रीनब्लॅट यांनी दाखवले. त्याच सुमारास इटलीतील मठांतील वृद्ध जोगिणींच्या मूत्रातून काढलेल्या संप्रेरकाने इस्रायलमध्ये गर्भधारणा घडवून आणली गेली. संसारत्याग केलेल्या त्या स्त्रियांच्या योगाने कितीएक संसारांत पाळणे हलले, ही घटना आपल्या पुराणकारांना खचितच आवडली असती.

पुढच्या औषधाशी आपल्या राजपत्राचा संबंध येतो. लेट्रोझोल हे मूळचे स्तनाच्या कर्करोगावरील औषध. टोरांटो येथील मितवली व कॅस्पर यांनी ते २००१ मध्ये बीजोत्सर्गासाठी वापरले. २००५ साली एका परिषदेत त्यामुळे बालकांत व्यंगे येतात अशी शंका मांडली गेली. पुढील वर्षी ९११ नवजात बालकांच्या पाहणीने ती दूर केली. असे असूनही २०११ मध्ये भारत सरकारने वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. २०१४ मध्ये ७५० स्त्रियांवरील अमेरिकी प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: पाच चक्रांपर्यंतच्या उपचारांत लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के, तर क्लोमिफिन घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के स्त्रियांना मूल झाले. आपल्याकडील बंदी २०१७ मध्ये उठली आणि २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने याच औषधाला प्रथम स्थान दिले. अधिसूचना टंकलिखित करून ती रवाना करणारे माझ्यासारखेच कारकून असतात. एका कागदाच्या येण्याजाण्यात सहा वर्षे जातात. ज्या स्त्रीचे वय त्या काळात तिशीवरून छत्तिशीवर गेले, तिच्या दृष्टीने ती वर्षे परत न मिळणारी असतात.

हे सर्व मी त्रयस्थपणे लिहिते आहे असे वाचकांनी समजू नये. तीन वर्षांपूर्वी माझ्या तपासणीच्या कागदावर हीच अक्षरे उमटली. घरापासून दूर, परभाषिक शहरात, रजेचा हिशेब सांभाळीत औषधाची चक्रे मोजणे म्हणजे काय, हे बदलीच्या नोकरीतील भगिनींना सांगण्याची गरज नाही. पाचव्या दिवशी अमुक, बाराव्या दिवशी तमुक, आणि मध्येच बदलीचा हुकूम! मग नवा डॉक्टर, नवी फाइल. गावाहून सासूबाईंचा फोन येतो. त्या काही विचारीत नाहीत, पण ‘बाकी काही विशेष?’ या त्यांच्या प्रश्नाला उत्तर देताना जीभ जड होते. सुट्टीत गेले असता कोणी नवस सुचवतो, कोणी वजनाकडे पाहून नापसंती दर्शवतो.

वजनाचा मुद्दा अगदी निराधार नाही. स्थूल स्त्रीने वजनात शेकडा पाच ते दहा एवढी घट केली, तर पाळी सुधारण्याचा संभव असतो. परंतु सडपातळ स्त्रियांनाही हा विकार होतो, आणि स्थूलता पुष्कळदा या विकाराच्याच इन्सुलिनदोषाशी निगडित असते. तेव्हा ‘खाण्यावर ताबा नाही’ हा शेरा म्हणजे आठव्या वर्षाच्या त्या जुन्या न्यायाचेच नवे रूप होय. माझ्या यजमानांनी पहिल्याच आठवड्यात स्वतःची तपासणी करून घेतली. निष्कर्ष काहीही निघो, दोघांनी तपासून घेणे हा शास्त्राचाही सल्ला आहे. आणि घरातील बोलणे त्या दिवसापासून ‘तुझे’ हा शब्द सोडून ‘आपले’ या शब्दावर आले, याचे मोल मला औषधाइतकेच वाटते.

वरील आकड्यांकडे डोळसपणे पाहिले पाहिजे. सत्तावीस टक्क्यांची दुसरी बाजू त्र्याहत्तर टक्क्यांची आहे; मी अद्याप त्याच बाजूला आहे. त्यापुढे इंजेक्शने आहेत, दुर्बिणीतून करावयाची लहान शस्त्रक्रिया आहे, आणि मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये यशस्वी केलेला शरीरबाह्य फलनाचा मार्गही आहे. यांपैकी कोठवर जावयाचे आणि कोठे थांबावयाचे, हे ज्याच्या त्याच्या शक्तीवर व इच्छेवर अवलंबून राहील. थांबणे हाही एक निर्णय आहे आणि तो लज्जास्पद नाही.

पादुआच्या त्या शेतकरी स्त्रीला आपल्याला काय झाले आहे, हे समजण्याचा कोणताच मार्ग नव्हता. शिकागोच्या सात जणींना ते अर्धवट समजले. आम्हांला त्याहून पुष्कळ अधिक समजते. आणि जे समजले ते असे की, बीजांचा येथे तुटवडा नाही, पाप-पुण्याचा येथे संबंध नाही, अडथळा आहे तो रक्तातील काही संप्रेरकांच्या मेळाचा. मूल होईल किंवा न होईल. परंतु एवढे कळल्यानंतर कोणत्याही हळदीकुंकवाला, ओटीच्या वेळी, मागच्या रांगेत जाऊन बसण्याचे आम्हांला कारण उरत नाही.