'डेथ नोट'चा उत्तरार्ध : बदललेला शेवट प्रेक्षकांना का रुचला?

गाजलेल्या पुस्तकावरून चित्रपट निघाला, की 'पुस्तकातली गोडी पडद्यावर उतरली नाही' हा शेरा ठरलेलाच असतो. त्यातही पुस्तकाचा शेवट बदलला, तर वाचक सहसा क्षमा करत नाहीत. जपानमध्ये ३ नोव्हेंबर २००६ रोजी प्रदर्शित झालेला 'डेथ नोट : द लास्ट नेम' हा चित्रपट या अनुभवाला अपवाद ठरला. मूळ चित्रकथेचा जवळजवळ अर्धा भाग त्याने गाळला आणि शेवट नव्याने रचला. तरीही मूळ कथा तोंडपाठ असलेल्या वाचकांपैकी अनेकांनी याच शेवटाला अधिक पसंती दिली. असे का घडले, याचा हा धांडोळा. (चित्रपटाचा शेवट लेखात उघड केला आहे, याची नोंद घ्यावी.)

वही आणि तिचे नियम

'मंगा' म्हणजे जपानी चित्रकथा. लेखक त्सुगुमी ओबा आणि चित्रकार ताकेशी ओबाता यांची 'डेथ नोट' ही मंगा 'शोनेन जंप' या साप्ताहिकात डिसेंबर २००३ ते मे २००६ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. १०८ प्रकरणांची ही कथा नंतर १२ खंडांत ग्रंथरूपाने आली.

लाइट यागामी या हुशार तरुणाला एक काळी वही सापडते. ज्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून नाव या वहीत लिहावे, तो माणूस मरतो. वहीचा मूळ धनी र्‍यूक हा 'शिनिगामी', म्हणजे मृत्युदेव. केवळ कंटाळा घालवण्यासाठी त्याने ती वही मर्त्यलोकात टाकलेली असते. लाइट गुन्हेगारांची नावे लिहू लागतो. जग या अज्ञात मारेकऱ्याला 'किरा' म्हणू लागते आणि काही जण त्याची भक्तीही करू लागतात. त्याचा माग काढण्यासाठी 'एल' हा विक्षिप्त गुप्तहेर पुढे येतो. पोलिस तपासाचे नेतृत्व असते लाइटच्याच वडिलांकडे, सोइचिरो यागामी यांच्याकडे.

वहीचे नियम हा या कथेचा कणा आहे. मृत्यूचे कारण लिहिले नाही, तर माणूस हृदयविकाराने मरतो. मरणापूर्वी त्याने काय करावे, हेही लिहून ठरवता येते, परंतु २३ दिवसांच्या मर्यादेतच. एकच नाव दोन वह्यांत लिहिले गेले, तर आधी लिहिलेली नोंद खरी ठरते. या नियमांच्या चौकटीत दोन बुद्धिमान माणसांनी एकमेकांवर केलेली कुरघोडी, हेच 'डेथ नोट'चे खरे आकर्षण.

दोन भागांचा प्रयोग

दिग्दर्शक शुसुके कानेको हे 'गामेरा' या राक्षसपटांच्या मालिकेमुळे जपानी प्रेक्षकांच्या परिचयाचे होते. त्यांनी ही कथा दोन चित्रपटांत मांडली. पूर्वार्ध १७ जून २००६ रोजी आला आणि साडेचार महिन्यांनी उत्तरार्ध. मधल्या काळात निप्पॉन टेलिव्हिजनवर ३७ भागांची ॲनिमेशन मालिका सुरू झाली. उत्तरार्धाच्या तोंडावर पूर्वार्धही दूरचित्रवाणीवरून दाखवण्यात आला. त्यामुळे मंगा कधीच हाती न धरलेला मोठा प्रेक्षकवर्ग चित्रपटगृहाकडे वळला. पूर्वार्धाने जपानमध्ये सुमारे २८५ कोटी येन मिळवले होते, तर उत्तरार्धाची कमाई सुमारे ५२० कोटी येनवर गेली. दुसऱ्या भागाने पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट गल्ला जमवावा, हे चित्रपटव्यवसायात क्वचितच घडते.

'एल'ला दाद, शिनिगामींवर नाराजी

प्रेक्षकांची दाद सर्वाधिक मिळाली ती 'एल'ची भूमिका करणाऱ्या केनिची मात्सुयामा याला. विस्कटलेले केस, काळवंडलेल्या डोळ्यांखालची वर्तुळे, खुर्चीवर पाय वर घेऊन उकिडवे बसण्याची लकब आणि अखंड चालणारे गोड खाणे, हे सारे चित्रात शोभते. जिवंत नटाने केले तर हास्यास्पद होण्याची भीती असते. मात्सुयामाने ते इतक्या सहजतेने केले, की ओबाताच्या चित्रातला माणूसच उठून आल्याचा भास वाचकांना झाला.

लाइट झालेला तात्सुया फुजिवारा याच्याबाबत मात्र मतभेद राहिले. 'बॅटल रॉयल' या २००० सालच्या चित्रपटामुळे तो प्रसिद्ध होता आणि रंगभूमीवरही त्याने नाव कमावले होते. मंगातला लाइट सडपातळ, थंड डोक्याचा आणि देखणा. फुजिवाराचा लाइट तसा दिसत नाही, ही तक्रार पूर्वार्धापासूनची. त्याचा अभिनय नाटकी वाटतो, असेही काहींनी म्हटले. पण उत्तरार्धाच्या अखेरीस कोसळणारा, आक्रोश करणारा लाइट पाहिल्यावर या निवडीमागचा विचार पटल्याचे सांगणारे प्रेक्षकही कमी नव्हते.

संगणकाच्या साहाय्याने साकारलेले र्‍यूक आणि रेम हे मृत्युदेव अनेकांना कृत्रिम वाटले. जिवंत नटांच्या शेजारी ते 'चिकटवल्यासारखे' दिसतात, हा आक्षेप सर्रास ऐकू आला. १४० मिनिटांची लांबी आणि संवादांची रेलचेल यांवरही टीका झाली. पूर्वार्ध न पाहता आलेल्यांची तर पुरती त्रेधा उडाली.

शेवट कसा बदलला?

मंगात सातव्या खंडात 'एल' मरतो. तेथून पुढे निअर आणि मेलो हे दोन वारसदार लाइटचा पाठलाग करतात. 'एल' गेल्यावर कथेतला जीव गेला, असे मानणारा वाचकवर्ग मोठा होता. त्याच वेळी निअर-मेलोचे चाहतेही होते आणि चित्रपटात त्यांना स्थानच नाही, याचे त्यांना दुःख झाले. मंगाचा विस्तृत उत्तरार्ध असा कापून टाकणे म्हणजे पळवाट होय, असे त्यांचे म्हणणे.

पटकथेने केले ते असे. मिसा अमाने या तरुणीला वाचवण्यासाठी रेम 'एल'चे नाव वहीत लिहिते, येथवर कथा मंगाच्याच वाटेने जाते. लाइटला आपण जिंकलो असे वाटते. वही हाती यावी म्हणून तो प्रत्यक्ष वडिलांचे नाव लिहितो; पण ती वही बनावट निघते आणि 'एल' जिवंत समोर उभा राहतो. त्याने आधीच दुसऱ्या वहीत स्वतःचे नाव लिहून २३ दिवसांनंतरचा शांत मृत्यू स्वीकारलेला असतो. साहजिकच रेमची नोंद निष्फळ ठरते.

वाचकांना भावले ते इथेच. हा शेवट बाहेरून आणून चिकटवलेला नव्हता. मूळ कथेने घालून दिलेल्या नियमांतूनच तो निघाला होता. नियम सर्वांना ठाऊक होते, मात्र त्यांचा असा उपयोग कोणाच्या ध्यानात आला नव्हता. जाणकार वाचकालाही चकवा बसला आणि तरीही फसवणूक झाली असे वाटले नाही. कोड्याचे उत्तर कळल्यावर 'हे आपल्याला सुचायला हवे होते' असे वाटावे, तसा हा आनंद होता.

बापाच्या मांडीवर किरा

शेवटाचा दुसरा पैलू अधिक गंभीर आहे. पूर्वार्धात कायद्याचा विद्यार्थी असलेला लाइट कायद्याचा ग्रंथ भर पावसात फेकून देतो आणि तिथेच त्याला वही सापडते. न्यायालयातून सुटणारे गुन्हेगार पाहून आलेली त्याची चीड अनेक प्रेक्षकांना आपली वाटली होती. किराची बाजू घेणारे केवळ कथेतच नव्हते, चित्रपटगृहातही होते.

या चिडीला उत्तर मिळते ते सोइचिरो यागामींच्या तोंडून. कायदा अपूर्ण आहे, कारण तो करणारा माणूस अपूर्ण आहे. तरीही न्यायाने वागू पाहणाऱ्या माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या धडपडीतून तो घडला आहे, अशा आशयाचे त्यांचे बोल आहेत. र्‍यूक लाइटचेच नाव लिहितो आणि किरा वडिलांच्या मांडीवर प्राण सोडतो. घरच्यांना सांगितले जाते, की लाइट किराचा बळी ठरला. मंगात हे वडील लाइटच्या आधीच, मुलाचे खरे रूप न कळता मरतात. चित्रपटाने त्यांना ते कळू दिले आणि त्या ओझ्यासह जगायला लावले. हा प्रसंग उपदेशी झाला, असे म्हणणारे काही होते. पण बुद्धीच्या खेळाला या प्रसंगाने माणसाच्या दुःखाची किंमत दिली, अशी अनेकांची भावना झाली.

नंतरचे प्रयत्न

'एल'च्या लोकप्रियतेतून 'एल : चेंज द वर्ल्ड' हा त्याच्या अखेरच्या २३ दिवसांवरचा चित्रपट फेब्रुवारी २००८ मध्ये हिदेओ नाकाता यांच्या दिग्दर्शनाखाली आला. २०१६ मध्ये शिनसुके सातो यांनी दहा वर्षांनंतरची कथा सांगणारा 'लाइट अप द न्यू वर्ल्ड' काढला. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सने कथा थेट अमेरिकेतील सिएटल शहरात नेली. तिथे स्थळ, पात्रांची घडण आणि लाइटचा स्वभावही पालटला. त्यावर चाहत्यांनी कडाडून टीका केली.

हा फरक बोलका आहे. रूपांतरात बदल झाला म्हणून वाचक रुसतात, हा समज २००६ च्या उत्तरार्धाने खोटा ठरवला. घटना बदलल्या तरी चालतील, कथेने स्वतःला घातलेले नियम मोडू नयेत, एवढीच त्यांची अपेक्षा असते. कानेको आणि त्यांच्या पटकथाकाराने ती ओळखली. सदोष शिनिगामी, लांबलेले संवाद आणि गाळलेली पात्रे असूनही हा उत्तरार्ध आजही आवर्जून पाहिला जातो, त्याचे श्रेय प्रामुख्याने या जाणिवेला द्यावे लागेल.