ड्रायव्हरची किल्ली कोणाकडे?

मागच्या व्याख्यानात आपण 'मालकी' या कल्पनेपाशी थांबलो होतो. आज ती एका किरकोळ वाटणाऱ्या वस्तूवर तपासून पाहू. ती वस्तू म्हणजे ड्रायव्हर. मोटारीचा नव्हे, संगणकातला. प्रिंटर असो की पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड, त्या यंत्राशी कसं बोलायचं हे ऑपरेटिंग सिस्टिमला आपोआप कळत नाही. मधला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. हा दुभाषी कंपनीचा आणि त्याची भाषाही गुपित, तर आपण यंत्र विकत घेतलं म्हणजे नेमकं काय घेतलं? आमच्या घरचा एक स्कॅनर धडधाकट असताना भंगारात गेला, कारण नव्या संगणकासाठी कंपनीने ड्रायव्हरच काढला नाही. तेव्हापासून हा प्रश्न आमच्या डोक्यात आहे.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची सुरुवातही अशाच एका प्रिंटरपाशी झाली. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की तसा निरोप वापरणाऱ्यांना जावा, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांनी करून ठेवली होती. नव्याचा कोड मात्र मिळेना. ज्याच्याकडे तो होता, त्याने गुप्ततेच्या करारावर सही केली होती. १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे हा राग होता.

आता ग्राफिक्स कार्डांकडे येऊ. २००६ मध्ये एएमडीने एटीआय ही कॅनडातली कंपनी विकत घेतली. तिचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर बंदिस्त होता, आणि वापरणारे त्याच्या नावाने बोटं मोडत. सप्टेंबर २००७ मध्ये एएमडीने धोरण बदललं. पण पाहा, कंपनीने जुना ड्रायव्हर उघडला नाही! त्यात इतरांकडून परवान्यावर घेतलेले भाग होते, चित्रपटांच्या नकला होऊ नयेत म्हणून केलेली कुलपं होती, आणि प्रतिस्पर्ध्याची भीती तर होतीच. म्हणून तिने चिपची माहितीपत्रकं खुली केली, आणि त्यांवरून नवा ड्रायव्हर लिहिला जाऊ लागला. माहिती तुकड्यातुकड्याने येत राहिली. व्हिडिओ उलगडणाऱ्या भागासाठीचा खुला कोड यायला २०१३ उजाडलं. पण याचा उपयोग किती, ते त्याआधीच, २०१२ मध्ये, दिसलं. कंपनीने जुन्या कार्डांना आपल्या बंदिस्त ड्रायव्हरच्या मुख्य शाखेतून बाहेर काढलं, तेव्हा ती कार्डं खुल्या ड्रायव्हरवर चालत राहिली. कंपनीने हात काढला तरी दुभाषी जिवंत होता.

आम्हाला सर्वांत विचार करायला लावणारा प्रसंग मात्र २०१६ चा वाटतो. एएमडीने नव्या कार्डांसाठी पडद्याचा भाग सांभाळणारा सुमारे ९० हजार ओळींचा कोड लिनक्सच्या कर्नलसाठी पुढे केला. कंपनी स्वतःहून देते आहे, फुकट देते आहे. कोणीही म्हणेल, घ्या आणि आभार माना. कर्नलचा हा विभाग सांभाळणाऱ्या डेव्ह एअरली यांनी डिसेंबरात चक्क नकार दिला. का? कारण त्या कोडमध्ये अनेक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी एकच कोड चालावा म्हणून घातलेला एक जाडजूड मधला थर होता. तो कंपनीच्या सोयीचा होता. उद्या कंपनीची माणसं निघून गेली, तर हे ओझं कर्नलवाल्यांच्या गळ्यात राहणार. शिवाय आपण कोणत्याही चिपवाल्या कंपनीच्या नोकरीत नाही, ते अशा वेळी 'नाही' म्हणता यावं म्हणूनच, असंही त्यांनी सुनावलं.

दान देणाऱ्यालाही अटी पाळाव्या लागतात, हे त्या कंपनीला जड गेलं असणार. पण तिने कोड पुन्हा घासूनपुसून घेतला, आणि जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ४.१५ या कर्नलमध्ये तो दाखल झाला. आमच्या मते कंपनीने ड्रायव्हरवरचा हक्क खऱ्या अर्थाने सोडला तो इथे. कोड दाखवणं वेगळं, आणि दुसऱ्याला त्यात बदल सांगण्याचा अधिकार देणं वेगळं.

दुसरीकडे एनव्हिडिया. या कंपनीबद्दल २०१२ मध्ये फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात लिनस टॉरवाल्ड्स जे बोलले, ते या व्यासपीठावरून उच्चारता येणार नाही. सोबत हाताचं बोटही दाखवलं होतं. त्याच कंपनीने मे २०२२ मध्ये आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. टाळ्या वाजल्या, आणि वाजायलाही हव्यात. पण जरा बारकाईने पाहू. ही सोय २०१८ पासूनच्या ट्युरिंग आणि त्यापुढच्या कार्डांनाच आहे. त्यांच्यात एक वेगळा छोटा प्रोसेसर असतो. पूर्वी ड्रायव्हर करत असे त्यातलं बरंचसं काम आता त्यावरच्या फर्मवेअरमध्ये गेलं आहे, आणि ते फर्मवेअर बंदच आहे. त्रिमिती चित्रं आणि मोठी गणितं सांभाळणारा वरचा भागही बंद. दिवाणखाना उघडला खरा, पण तिजोरी आधीच माजघरात हलवलेली.

तरीही २०२२ च्या त्या पावलाला आम्ही खोटं म्हणणार नाही. उघडलेल्या कोडमुळे लिनक्सवाल्यांना त्या फर्मवेअरशी बोलायचं कसं हे कळलं, आणि त्यावरून त्यांचं स्वतःचं काम पुढे सरकलं. समोर बसलेल्यांपैकी काहीजण या क्षेत्रात नोकरीला आहेत, त्यांचं मत वेगळं असू शकेल. ते आता प्रश्नोत्तरांत ऐकू.