अनारकली कितीदा चिणली गेली?

हिंदी चित्रपटांचा विषय निघाला की एक तक्रार हमखास कानावर येते : पूर्वी अस्सल कथा असायच्या, आता सगळे रीमेक झाले. तक्रार खोटी नाही. पण तिच्यातला 'पूर्वी' हा शब्द आम्हांला खटकतो, कारण आपला बोलपट जन्मला तोच मुळी आधी सांगून झालेल्या गोष्टींवर. १९३१चा 'आलम आरा' हा जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरील नाटकावरून घेतलेला. १९३५ साली सोहराब मोदींनी 'खून का खून' काढला, तो म्हणजे शेक्सपिअरचा 'हॅम्लेट'. मुन्शी मेहदी हसन 'अहसन' यांनी तो आधीच उर्दूत आणलेला होता. आगा हश्र काश्मिरींनी तर 'किंग लिअर'चे 'सफेद खून' करून टाकले होते. गोष्ट कुठलीही असो, ती आपल्या जबानीत आणि आपल्या प्रेक्षकाला आपली वाटेल अशी मांडणे हे मुन्शीचे काम होते. त्यासाठीच त्याला कंपनीत ठेवलेले असे.

तेव्हा रीमेक ही काही आजची बिमारी नव्हे. मग बिघडले काय आणि कधी, हे पाहायचे असेल तर अनारकलीच्या मागे जावे लागेल. आमच्या सिनेमाने जितक्या वेळा तिला उभी केली तितक्या वेळा क्वचितच दुसऱ्या कुणाला केली असेल.

अनारकली इतिहासात सापडत नाही. 'अकबरनामा'त ती नाही, जहांगीराच्या 'तुझुक'मध्येही नाही. लाहोरात तिच्या नावाचा मकबरा आहे, बाजार आहे आणि तोंडोतोंडी चालत आलेली एक दंतकथा आहे. या दंतकथेवर सय्यद इम्तियाज अली ताज या तरुण लेखकाने १९२२मध्ये 'अनारकली' हे उर्दू नाटक लिहिले. १९२८ साली त्यावरून 'लव्ह्ज ऑफ अ मुघल प्रिन्स' हा मूकपट निघू लागला. ही खबर मुंबईत अर्देशीर इराणींच्या इम्पिरिअल कंपनीला लागली. त्यांनी आर. एस. चौधरींना कामाला लावले, सुलोचनाला, म्हणजे रूबी मायर्सला, अनारकली केले आणि झपाट्याने आपली 'अनारकली' आधी पडद्यावर आणली. जुना काळ सचोटीचा होता असे मानणाऱ्यांनी एवढी एक घटना ध्यानात ठेवली तरी पुरे. १९३५मध्ये चौधरी आणि सुलोचनाने तीच गोष्ट बोलपटात पुन्हा केली. १९५३मध्ये फिल्मिस्तानने बीना रॉयला घेऊन 'अनारकली' काढली. तिचे संगीत आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे, म्हणजे सी. रामचंद्रांचे. या चित्रपटात सुलोचनाही होती, पण आता सलीमची आई म्हणून. पंचवीस वर्षांत तिची अनारकलीची जोधाबाई झाली होती.

आणि मग १९६०चा 'मुगल-ए-आझम'. के. आसिफ यांनी तो चाळीसच्या दशकातच हाती घेतला होता. तेव्हा चंद्रमोहन अकबर होते, नर्गिस अनारकली होती. फाळणी झाली, निर्माते शिराज अली हकीम पाकिस्तानात गेले, १९४९मध्ये चंद्रमोहन वारले. पुढे शापूरजी पालनजींचा पैसा आला आणि सगळे नव्याने सुरू झाले. ५ ऑगस्ट १९६० रोजी चित्रपट लागला तेव्हा लोकांना गोष्ट पाठ होती. सात वर्षांपूर्वीच ती धो धो चालून गेली होती. तरीही 'मुगल-ए-आझम'ला कुणी नक्कल म्हटले नाही.

का म्हटले नाही? भव्य सेट, शीशमहल, मधुबाला, ही उत्तरे नेहमीची आहेत आणि ती चूकही नाहीत. पण आमच्या मते खरे कारण लेखणीत आहे. अमान, कमाल अमरोही, एहसान रिझवी आणि वजाहत मिर्झा असे चार उर्दू लेखक आसिफसोबत बसले आणि त्यांनी जुन्या गोष्टीला एक नवा सवाल विचारला. ताज यांच्या नाटकात मोहब्बत आणि सत्ता यांची टक्कर आहे. १९५३चा चित्रपट दोन प्रेमिकांचा आहे. १९६०मध्ये मात्र गोष्ट अकबराची झाली. नावातच ते सांगितले आहे. बाप म्हणून त्याचे मन काय म्हणते आणि बादशहा म्हणून त्याचा इन्साफ काय मागतो, हा तो सवाल. चित्रपट सुरू होतो तो खुद्द हिंदुस्थानच्या आवाजात. अकबर जन्माष्टमीला पाळण्याची दोरी ओढताना दिसतो. फाळणीला उणीपुरी तेरा वर्षे झालेली असताना हे सारे पडद्यावर येत होते, आणि थिएटरात हिंदू-मुसलमान शेजारी शेजारी बसून ते पाहत होते. शेवटी अनारकली भिंतीत चिणली जाते आणि जातही नाही. तिच्या आईला दिलेला शब्द पाळण्यासाठी बादशहा तिला गुपचूप भुयारी वाटेने जाऊ देतो आणि सलीमच्या नजरेत जालीम ठरणे पत्करतो. आधीच्या अनारकलीत हे नव्हते. कथा तीच होती, पण तिचा गुन्हेगार बदलला होता, म्हणून कथाही बदलली.

वजाहत मिर्झांचे नाव आणखी एका रीमेकवर आहे. मेहबूब खान यांनी १९४०मध्ये 'औरत' काढला आणि सतरा वर्षांनी तोच पुन्हा 'मदर इंडिया' म्हणून काढला. राधा तीच, सावकार सुखीलाला तोच, नटही तोच : कन्हैयालाल. पण 'मदर इंडिया'ची सुरुवातच कालव्याच्या उद्घाटनाने होते. म्हाताऱ्या राधेला गावकरी मानाने पुढे आणतात आणि तिथून ती मागे वळून पाहते. १९४०च्या गुलाम देशात गरीब बाईची जी करुण कहाणी होती, ती १९५७च्या आझाद देशात या कालव्याच्या पाण्यासाठी कुणी काय किंमत मोजली याचा हिशेब झाली. याला रीमेक म्हणायचे की दुसरी आवृत्ती, हे ज्याने त्याने ठरवावे.

मद्रासच्या वाटेने आलेले रीमेक हा निराळा धंदा. तोही जुनाच. १९५५चा दिलीपकुमारचा 'आझाद' आदल्या वर्षीच्या तमिळ 'मलैक्कळ्ळन'वरून आला, १९६७चा 'राम और श्याम' तेलुगू 'रामुडु भीमुडु'वरून. ऐंशीच्या दशकात जितेंद्रच्या चित्रपटांनी तर मालगाडीच सोडली. १९८३चा 'हिम्मतवाला' हा तेलुगू 'ऊरुकी मोनगाडु'चा अवतार, दिग्दर्शकही तेच, के. राघवेंद्र राव. त्याचे संवाद कादर खान यांचे. कादर खान हे मुंबईतल्या भायखळ्याच्या साबू सिद्दीक संस्थेत सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवणारे मास्तर. आमच्यासारख्या शिक्षकी पेशातल्या माणसाला त्यांच्याविषयी जरा जास्तच जिव्हाळा वाटतो हे कबूल. त्यांचे लेखन पुष्कळदा भडक होते. पण तेलुगू पात्रांच्या तोंडी त्यांनी मुंबईच्या गल्लीतली, हजरजबाबी बोली घातली आणि उसना माल इथला वाटू लागला. वजाहत मिर्झांपासून कादर खानपर्यंत दर्जा खाली आला हे खरेच. तरी कथा आणि प्रेक्षक यांच्या मध्ये कुणीतरी लिहिणारा माणूस अजून उभा होता.

कायद्याची बाजूही थोडक्यात पाहू. आर. जी. आनंद यांनी आपल्या 'हम हिंदुस्थानी' या नाटकावरून १९५६चा 'न्यू दिल्ली' चित्रपट उचलल्याची फिर्याद केली होती. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. मुर्तझा फजल अली यांनी निकाल दिला की कल्पना, विषय, ऐतिहासिक वा दंतकथेतील प्रसंग यांवर कुणाची मालकी नसते. मालकी असते ती मांडणीवर. आनंद हरले. पण न्यायमूर्तींनी जी रेघ ओढली तीच आमचीही मोजपट्टी आहे. अनारकली कुणाचीच नाही, ती मांडणाऱ्याची आहे.

२०००नंतर ही मांडणीच कमी कमी होत गेली. मोठ्या कंपन्या पैसा घालू लागल्या, आणि पैसा घालणाऱ्याला कोरे पान भीती दाखवते. आधी चाललेल्या चित्रपटाचे हक्क विकत घेणे त्याला सोपे जाते, कारण गल्ल्याचा आकडा समोर असतो. 'डॉन' २००६मध्ये आला, 'अग्निपथ' २०१२मध्ये, 'हिम्मतवाला' आणि 'जंजीर' २०१३मध्ये. यांपैकी 'डॉन'मध्ये फरहान अख्तर यांनी शेवट उलटवण्याची हिंमत तरी केली. दक्षिणेकडून 'गजनी', 'वॉन्टेड', 'सिंघम', 'रावडी राठोड' आले आणि तुफान चालले. 'जंजीर'च्या वेळी मूळ लेखक सलीम-जावेद यांना आपल्या पटकथेच्या हक्कासाठी कोर्टात जावे लागले. १९७३मध्ये याच 'जंजीर'च्या पोस्टरवर त्यांचे नाव नव्हते, तेव्हा त्यांनी माणूस लावून मुंबईभर पोस्टरांवर ते रंगवून घेतले, हा किस्सा त्यांनीच सांगितला आहे. चाळीस वर्षांनीही लेखकाला आपले नाव स्वतःच रंगवावे लागत होते, फक्त आता भिंत कोर्टाची होती.

मराठी माणसाला हा विषय अधिक जवळून कळला तो 'सैराट'मुळे. २०१६मध्ये नागराज मंजुळे यांनी करमाळ्याच्या परिसरातली गोष्ट सांगितली. पाटलाची आर्ची आणि मासेमाराचा परश्या. त्याच्या दोस्तांपैकी सल्या हा सलीम शेख. तो तिथे मुसलमान म्हणून नव्हे, दोस्त म्हणून आहे, आणि पडद्यावर असे फार वेळा घडत नाही. वर्गात दलित कविता शिकवणाऱ्या प्राध्यापकाला पाटलाचा पोरगा थोबाडीत मारतो, तो प्रसंग पाहताना आमचा हात नकळत गालावर गेला होता. त्या एका थपडेत गाव, जात, सत्ता आणि शिक्षण यांचे सगळे नाते येऊन जाते. २०१८मध्ये 'सैराट'चा 'धडक' झाला. गोष्ट उदयपूरला गेली. राजवाडे, तळी, रंगीत पगड्या आल्या; अजय-अतुलचे संगीतही सोबत गेले. गेली नाही ती जात. ती तोंडी लावण्यापुरती उरली आणि मुलीच्या बापाचा राग हा एका बड्या घराण्याचा, निवडणुकीच्या राजकारणाचा राग झाला. शेवटही बदलला. धक्का होता, पण रक्ताने माखलेली ती चिमुकली पावले नव्हती. चित्रपट चालला. मात्र 'सैराट'मध्ये जे बोलायला धैर्य लागले होते तेच नेमके वगळून बाकीचे सारे विकत घेतले गेले. आसिफ यांनी जुन्या गोष्टीत सवाल घातला होता, इथे तो काढून घेतला. पुढे २०२५मध्ये शाझिया इक्बाल यांनी तमिळ 'परियेरुम पेरुमाळ'वरून 'धडक २' केला आणि जातीला पुन्हा तिच्या नावाने हाक मारली, एवढे नोंदवणे न्यायाचे होईल.

अलीकडे रीमेकचा हा बाजारही मंदावला आहे. त्याचे कारण साहित्यिक मुळीच नाही. दाक्षिणात्य चित्रपट हिंदीत डब होऊन घरोघरी पोहोचले, मग त्यांची हिंदी नक्कल तिकीट काढून कोण पाहणार? २०२२चा 'विक्रम वेधा' आणि २०२३चा 'शहजादा' यांना याचा फटका बसला.

आता उमराव जान. मिर्झा हादी रुसवा यांची कादंबरी १८९९ची. १९५८मध्ये एस. एम. युसूफ यांनी तिच्यावरून 'मेहंदी' काढला आणि नायिका केली आपल्या जयश्री गडकरांना. तमाशापटांच्या राणीने लखनौच्या कोठ्यावर पाऊल ठेवले ही गोष्ट आज फारशी कुणाला आठवत नाही. १९८१मध्ये मुजफ्फर अली आले. शमा झैदी आणि जावेद सिद्दीकी त्यांच्यासोबत लिहायला होते, गीते शहरयार यांची होती, संगीत खय्याम यांचे. कोठ्याची सजावट नव्हे, तर घरी परतूनही उंबरठ्याबाहेर राहिलेली बाई त्यांनी पाहिली. त्यांचे उर्दू हळू बोलते, आमच्या वर्गातल्या मुलांनाही ते कळते. २००६मध्ये जे. पी. दत्तांनी तीच कादंबरी पुन्हा घेतली. दागिने वाढले, लांबी वाढली. उर्दू होते, पण ते पोशाखासारखे अंगावर चढवलेले वाटत होते.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने १९८१च्या 'उमराव जान'ची दुरुस्त केलेली प्रत तयार केली आणि २७ जून २०२५ रोजी ती पुन्हा थिएटरांत लागली. चव्वेचाळीस वर्षांनी लोक तिकीट काढून रेखाला पाहायला गेले. २००६ची 'उमराव जान' पुन्हा लावा, असे कुणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.