ऑलिम्पिक बोधचिन्हांची ‘अधोगती’: एक खंडन

ऑलिम्पिकच्या बोधचिन्हांचा विषय निघाला की जाणकार मंडळी एकमुखाने निकाल देतात: सुवर्णकाळ १९६४ ते १९७२ चा, पुढे सगळी उतरण. त्यांची बाजू आधी नेटाने मांडतो. युसाकु कामेकुरा यांनी टोकियोसाठी एक भलेमोठे तांबडे वर्तुळ, त्याखाली ऑलिम्पिकची सोनेरी कडी, शहराचे नाव आणि साल एवढेच ठेवले. आणखी काही लागलेच नाही. लान्स वायमन यांनी मेक्सिकोसाठी पाच कड्यांच्या गोलाईतूनच ६८ हा आकडा काढला आणि त्याच्या रेषा लाटांसारख्या बाहेर पसरू दिल्या. मग १९८४ साली लॉस एंजेलिसने खासगी पैशावर स्पर्धा भरवली, बाजार घरात शिरला आणि लंडन २०१२ च्या वेड्यावाकड्या तुकड्यांपर्यंत मजल गेली.

कामेकुरा आणि वायमन यांच्या कौतुकातला शब्दही मी खोडणार नाही. निष्कर्ष मात्र साफ अमान्य आहे.

जुन्यांतले सर्वोत्तम आणि नव्यांतले सर्वांत बदनाम समोरासमोर ठेवून काळाचा निवाडा कसा होईल? १९४८ च्या लंडनने संसदेचा घड्याळमनोरा काढून त्यावर कडी बसवली. हा सुवर्णकाळाचा पाया का? उलट बार्सिलोना १९९२ पाहा. जोसेप मारिया त्रियास यांच्या कुंचल्याच्या मोजक्या फटकाऱ्यांत, निळा ठिपका डोके, पिवळा फटकारा हात, तांबडा पाय, एक माणूस कड्यांवरून झेपावतो. हे चिन्ह बाजार शिरल्यानंतरचे आहे.

मुळात बाजार १९८४ लाच शिरला, हेही खरे नाही. म्युनिक १९७२ साठी ओट्ल आयशर यांनी किरणांचे वलय सुचवले होते. ते नाकारले गेले. का? आकार इतका सर्वसामान्य होता की त्याला कायद्याचे संरक्षण मिळेना, आणि संरक्षण नसलेले चिन्ह वापरण्याचे हक्क विकणार कसे? अखेर कोर्ट फॉन मानश्टाइन यांनी त्या वलयाला सर्पिल पीळ दिला, तेव्हा ते मंजूर झाले. ज्याला शुद्ध कलेचा कळस म्हणतात, त्याचा आकारच हक्कविक्रीच्या हिशेबाने ठरला. तरीही ते सुंदर आहे. मग बाजाराच्या स्पर्शाने सौंदर्य विटते, हे गृहीतक उरले कुठे?

आणि बाजाराआधीचा धनी तरी कोण होता? सरकार. २ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको सिटीच्या त्लातेलोल्को चौकात सरकारी फौजांनी विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. दहा दिवसांनी त्याच शहरात वायमन यांच्या लहरत्या रेषांखाली स्पर्धेचे उद्घाटन झाले. दोष चित्रकाराचा नाही. पण त्या काळाला निर्मळ म्हणू नये.

आता लंडन २०१२. ते देखणे नाही. २००७ साली अनावरण होताच हजारोंनी विरोधात सह्या केल्या. पण बोधचिन्ह केवळ डोळ्यांनी तोलायचे का? ऑलिम्पिक आणि दिव्यांग खेळाडूंची पॅरालिम्पिक यांना एकच मूळ आकार प्रथम दिला तो याच बदनाम चिन्हाने. टोकियो २०२० साठी असाओ तोकोलो यांनी हाच विचार भूमितीत उतरवला: तीन प्रकारचे मिळून ४५ निळे चौकोन, एका मांडणीत ऑलिम्पिकचे वर्तुळ, दुसऱ्या मांडणीत पॅरालिम्पिकचे चिन्ह. एकही तुकडा कमी नाही, जास्त नाही. पॅरिस २०२४ ने तर दोन्ही स्पर्धांना ज्योतीतला तोच चेहरा दिला.

याचे मोल महाराष्ट्राला तरी सांगावे लागू नये. सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली पोहण्यात सुवर्णपदक जिंकले, ते हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये. म्युनिकचे ते गाजलेले तेजोवलय त्या स्पर्धेच्या वाट्याला आले नव्हते. तिचे चिन्ह निराळे होते. ज्या सुवर्णकाळाचे चिन्ह पेटकरांना आपले म्हणता आले नाही, त्याच्यापेक्षा आजचा काळ खालचा ठरवायचा तो कोणत्या मापाने?