खानदेशातील लाकडाचा प्रवास : तळोद्याच्या बैलगाडीपासून आठ बाय चारच्या प्लायपर्यंत (थ्रेड)

१/ जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर लोटगाडीवरून किंवा लहान टेम्पोतून जाणारा प्लायवूडचा तक्ता आपण रोज पाहतो. लांबी ८ फूट, रुंदी ४ फूट. जाडी १८ मिलिमीटर असेल तर वजन सुमारे ३० ते ३५ किलो. या तक्त्यापूर्वी खानदेशात घराचे लाकूड कोठून येई, कसे वाहिले जाई आणि कोण कापत असे? मित्रहो, आजचा विषय हाच.

२/ उत्तरेस सातपुडा, पश्चिमेस डांग. खानदेशच्या दोन बाजूंना सागाची ही दोन कोठारे होती. आज नंदुरबार जिल्ह्यात असलेले तळोदे सातपुड्याच्या पायथ्याशी वसले आहे. ब्रिटिशकालीन गॅझेटियरात खानदेशातील लाकडाची प्रमुख बाजारपेठ म्हणून त्याची नोंद आहे. प्रांतातील उत्तम बैलगाड्याही तेथेच बनत. लाकूड आणि ते वाहणारे वाहन, दोन्हींचा बाजार एकच!

३/ या योगायोगात एक तर्क दडलेला आहे. रस्ते कच्चे, घाट अवघड. त्यामुळे बैलजोडी ओढू शकेल तेवढाच ओंडका जंगलाबाहेर पडे. झाड कितीही उंच असो, तुळईची लांबी अखेर गाडी आणि वाट यांच्या मर्यादेत राही.

४/ या मर्यादेची खूण घरांत दिसते. खानदेशातील जुनी धाब्याची घरे आठवा: लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि सर्वांत वर मातीचा जाड थर. घराचे माप ‘खणां’त सांगत. खण म्हणजे दोन तुळयांमधील अंतर, आणि ते ठरे कडीच्या लांबीवरून. म्हणजे खोलीची रुंदी जंगलातच ठरून येई.

५/ आता कापणीकडे वळू. ओंडका खड्ड्यावर किंवा उंच घोडीवर चढवीत. रंगात भिजवलेले सूत ताणून त्यावर सरळ रेघ उमटवीत. मग एक माणूस वर, एक खाली, आणि दोघांमध्ये लांब करवत. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जाई, वरच्याच्या हाती रेघ सांभाळण्याची जबाबदारी असे. एकेक फळी अशी घामातून निघे.

६/ फळीची रुंदी खोडाच्या जाडीपलीकडे जाऊ शकत नाही. शिवाय अखंड लाकूड पावसाळ्यात आडवे फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून जुन्या दारांत आधी चौकट आणि तिच्या खाचेत सैल बसवलेली फळी, अशी रचना दिसते. ती नक्षीसाठी केलेली नसून लाकडाला हलायला जागा ठेवण्यासाठी केलेली आहे.

७/ १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम याने धरणगाव येथे भिल्ल पलटणीची उभारणी सुरू केली. पुढे १८४२ मध्ये डांगच्या भिल्ल राजांकडून सरकारने जंगलाचे पट्टे घेतले. मुंबईच्या गोदीला जहाजबांधणीसाठी साग हवा होता आणि मलबारचा साग विरळ होत चालला होता. आहवा येथील डांग दरबारात राजांच्या वारसांना आजही मानधन दिले जाते. त्याची मुळे याच व्यवहारात आहेत.

८/ १८६० च्या दशकात रेल्वे खानदेशातून पुढे सरकली. रूळमार्गाच्या प्रत्येक मैलाला सुमारे १७०० ते २००० स्लीपर लागत. रेल्वेने दोन गोष्टी एकदम केल्या: लाकडाची भूक वाढवली आणि बैलगाडीची मर्यादा मोडली. आता जड ओंडका दूरच्या शहरापर्यंत जाऊ शकत होता.

९/ याच काळात वनकायदे आले, १८६५ आणि १८७८. जंगल राखीव झाले. ज्या भिल्ल-पावरा वस्त्यांना घराची थूण, नांगराचा दांडा जवळच्या रानात मिळे, त्यांना आता परवानगी मागावी लागली. तोड थांबली नाही. तोडण्याचा हक्क मात्र हलला. या थ्रेडमधील सर्वांत मोठा बदल करवतीचा नाही, हा आहे.

१०/ मग प्लायवूड. ओंडका यंत्रावर फिरवून पेन्सिल सोलावी तसा त्याचा पातळ पापुद्रा काढतात. थर एकमेकांना काटकोनात चिकटवतात, त्यामुळे एका थराचे फुगणे दुसरा रोखतो. चौकट-फळीचा जुना प्रश्न येथे सुटला. कल्पना मात्र प्राचीन आहे: इजिप्तमध्ये सक्कारा येथे जोसरच्या पिरॅमिडमधील एका शवपेटीत सहा थरांचे लाकूड सापडले आहे.

११/ भारतात या उद्योगाचे आरंभीचे मोठे केंद्र आसाम होते, चहाच्या पेट्यांसाठी. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचलच्या तिराप व चांगलांग जिल्ह्यांतील, तसेच त्यांच्या सीमेपासून आसामात १०० किलोमीटरपर्यंतच्या सॉ मिल आणि प्लायवूड कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. पुढे हरियाणातील यमुनानगरसारख्या केंद्रांचे महत्त्व वाढले. तेथील कच्चा माल शेताच्या बांधावरचा: पॉप्लर आणि निलगिरी.

१२/ वाहतुकीची अट मात्र सुटलेली नाही, तिची जागा बदलली आहे. पूर्वी घाट अडवी, आता जिना अडवतो. आठ फुटी तक्ता वळणावर अडकतो, म्हणून अनेक जण दुकानातच मापे देऊन तो कापून घेतात. प्रत्येक कापात करवतीच्या पात्याची जाडी, साधारण ३ मिलिमीटर, भुशात जाते. ती हिशेबात न धरणाऱ्याचे शेवटचे फडताळ आखूड पडते! आणि वरच्या थराच्या रेषेला आडवे कापताना कडेच्या ढलप्या उडतात. म्हणून जाणता सुतार आधी धारदार पात्याने रेघ मारून घेतो.

१३/ २००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्या प्रस्तावनेतच वनवासी समूहांवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचे मान्य केले. गौण वनोपजावर त्यांना हक्क मिळाला, बांबूसह. इमारती लाकूड मात्र त्या यादीबाहेरच राहिले. ज्या सागाने तळोद्याची पेठ उभी केली, तो साग सातपुड्यातील माणसाच्या हातात आजही मुक्तपणे येत नाही.

१४/ तुमच्या गावात जुने धाब्याचे घर उभे असेल तर एकदा टेप घेऊन जा. खण मोजा, तुळईची लांबी मोजा, सर्वांत रुंद फळी शोधा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, हे लाकूड कोठल्या पेठेतून आणि कशावरून आले. उत्तरे खाली लिहा. खानदेशच्या लाकडाचा हा इतिहास बराचसा अजून घरांच्या आढ्यातच आहे, आणि ती घरे झपाट्याने पाडली जात आहेत.