लांडग्याचे देणे

लांडग्याला कोणत्याच मुलखात चांगले नाव नाही. आपल्या मुलांना त्याची पहिली ओळख होते, ती खोटेच ओरडणाऱ्या मेंढपाळाच्या पोराच्या गोष्टीतून. अमेरिकेत तर खुद्द सरकारनेच त्याच्याशी दावा मांडला होता. १८७२ साली यलोस्टोन येथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. हरिणे राखावयाची, तर लांडगे मारले पाहिजेत, असा त्या काळचा सरळ हिशेब होता. १९१४ ते १९२६ या बारा वर्षांत उद्यानात निदान १३६ लांडगे मारले गेले, आणि तेथून ती जात नाहीशी झाली.

हिशेब चुकला. एल्क नावाची, आपल्या सांबराच्या कुळीची हरिणे इतकी वाढली की, पुढे रक्षकांनाच बंदुका घेऊन त्यांची संख्या उतरवावी लागली. हा प्रकार १९६८ पर्यंत चालला. आल्डो लिओपोल्ड हा वनाधिकारी तरुणपणी स्वतः लांडगे मारीत असे. यलोस्टोनमध्ये लांडगे पुन्हा का आणू नयेत, असा प्रश्न त्याने १९४४ सालीच विचारला होता. तेव्हा तो कोणी मनावर घेतला नाही. १९७३ साली दुर्मिळ प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा झाला आणि लांडग्याला आधार मिळाला.

तथापि कायद्याने मेंढपाळाची समजूत पटत नाही. उद्यानाभोवतीच्या मोंटाना, वायोमिंग व आयडाहो या राज्यांत गुरामेंढरांवर पोट भरणारी माणसे पुष्कळ. कौतुक शहरातल्यांचे आणि वासरू मात्र आमचे जाणार, हे त्यांचे दुखणे होते. आणि ते खोटे नव्हते. राष्ट्रीय उद्यानांचे तत्कालीन संचालक विल्यम मॉट यांनी हे अचूक ओळखले. नुकसानभरपाईचा निधी उभारा, असा सल्ला त्यांनी 'डिफेंडर्स ऑफ वाइल्डलाइफ' या संस्थेच्या हँक फिशर यांना दिला. १९८७ साली सरकारी तिजोरीला हात न लावता, केवळ देणग्यांवर हे काम सुरू झाले. लांडग्याने जनावर मारल्याची खात्री पटली, की संस्था मालकाला त्याची किंमत देई. २०१० पर्यंत सुमारे चौदा लाख डॉलर असे चुकते झाले.

रेने ॲस्किन्स या बाईंची तऱ्हा निराळी. त्यांनी १९८६ साली 'वुल्फ फंड' काढला तो एवढ्याच बोलीवर की, यलोस्टोनमध्ये लांडगे आले की संस्था बंद. सभा झाल्या, सुनावण्या झाल्या. दीड लाखाहून अधिक नागरिकांनी आपली मते कळविली. १२ जानेवारी १९९५ रोजी कॅनडातून पहिले लांडगे यलोस्टोनच्या दारात आले. ऐन वेळी शेतकरी संघटनेच्या अर्जावरून न्यायालयाची स्थगिती आली व ते पेट्यांतच अडकले. रात्री ती उठली. दोन हिवाळ्यांत मिळून ३१ लांडगे आणण्यात आले. बाईंनी बोलल्याप्रमाणे संस्थेला टाळे ठोकले. आपल्याकडे संस्था काढणारे उदंड. काम झाल्यावर ती मोडणारे किती?

भरपाईने वैरी मित्र झाले, असे मात्र नाही. लांडगे सुटल्याला महिना-दीड महिना होतो न होतो, तोच उद्यानाबाहेर एक नर गोळीला बळी पडला. त्याच्या मादीने तेथेच आठ पिले दिली. ती सारी उचलून पुन्हा उद्यानात आणावी लागली. २०२१-२२ च्या हिवाळ्यात तर हद्दीबाहेर पडलेले यलोस्टोनचे पंचवीस लांडगे शिकारीत गेले. उद्यानात मात्र हिवाळ्यातील पाहणीच्या पथकांत स्वयंसेवक असतात. बर्फात उभे राहून ते कळपांच्या हालचाली टिपतात.

आपल्या दख्खनच्या माळांवरही लांडगा आहे, आणि धनगराची मेंढरेही आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत लांडग्याचे नाव आहे, ते योग्यच. परंतु रात्री वाघुरीतून मेंढी गेली, की त्या रक्षणाची किंमत धनगर मोजतो. लांडगा जगावा असे ज्यांना वाटते, त्यांनी त्याचे देणेही आपल्या खाती मांडून घ्यावे. यलोस्टोनच्या इतिहासाचा अर्थ मला तरी इतकाच लागतो.