तिकिटांचा काळाबाजार

तिकिटांचा काळाबाजार म्हणजे संगीत मैफली, क्रीडा सामने आदी कार्यक्रमांची तिकिटे मूळ दराने मोठ्या संख्येने विकत घेऊन ती चढ्या भावाने पुन्हा विकण्याचा व्यवहार होय. यातील वाढीव रक्कम सहसा कलावंतास न मिळता मध्यस्थाच्या पदरी पडते आणि सामान्य रसिक मैफलीस मुकतो.

स्वरूप

पूर्वी तिकीट खिडकीबाहेर चालणारा हा व्यवहार आता प्रामुख्याने आंतरजालावर होतो. 'बॉट' नावाच्या स्वयंचलित संगणक प्रणालींद्वारे काही क्षणांत अनेक तिकिटे घेतली जातात व पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर मांडली जातात. आसने मर्यादित आणि मूळ दर मागणीच्या मानाने कमी असल्याने नफ्यास वाव राहतो.

भारतातील उदाहरण

कोल्डप्ले या ब्रिटिश रॉक बँडच्या मैफली जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईतील डी. वाय. पाटील क्रीडांगणावर झाल्या. त्यांची तिकिटे २२ सप्टेंबर २०२४ रोजी बुकमायशोवर विक्रीस आली व अल्पावधीत संपली. मूळ दर २,५०० ते ३५,००० रुपये असताना अन्य संकेतस्थळांवर काही तिकिटांसाठी लाखो रुपये मागितले गेले. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने याची चौकशी केली.

कायदे

अमेरिकेत बॉटद्वारे खरेदीमर्यादा चुकवून तिकिटे घेण्यास २०१६ च्या कायद्याने मनाई आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये या विषयावरील जनहित याचिका फेटाळली; असे नियम करणे हे विधिमंडळ व शासनाचे काम असल्याचे मत न्यायालयाने नोंदविले.